सासूला दोन ठोके, नणंदेला तीन

बऱ्हाणपुरात आत्याच्या ओसरीवर मी मँडोलिनची पेटी उघडली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "हा बेंजो एवढासा कसा?" चूक त्यांची नव्हती. आमच्या भागातल्या वरातीत बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुलतरंग. तो मूळचा जपानी. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये 'ताइशोगोतो' नावानं तो घडवला आणि फिरत फिरत तो आपल्या बँडवाल्यांच्या गळ्यात पडला. मँडोलिनच्या नशिबी एवढी वरात नव्हती.

तिचा इतिहास थोडक्यात उरकतो. ल्यूटच्या कुळातलं हे वाद्य अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्समध्ये आजच्या रूपाला आलं. तारा आठ, पण जोडीजोडीनं, म्हणजे चारच मानायच्या. मिळवणी व्हायोलिनसारखी. आपल्याकडे सिनेमाच्या वाद्यवृंदांनी तिला घरोघर पोचवलं. बस्स.

खरं म्हणजे मला सज्जाद हुसेन यांच्याबद्दलच लिहायचं होतं. जन्म १९१७, माळव्यातल्या सीतामऊचा. 'संगदिल' (१९५२) आणि 'रुस्तम सोहराब' (१९६३) यांचे संगीतकार म्हणून लोक त्यांना ओळखतात. मी त्यांना जोड-तारांवर मींड घेणारा माणूस म्हणून ओळखतो. मँडोलिनच्या दोन्ही तारा ताठ, पडदे जवळजवळ. तिथं सूर घसरवत न्यायचा म्हणजे दगडावरून रेशीम ओढायचं. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी जोड-तारा काढून पाच एकेरी तारांची विद्युत मँडोलिन घेतली, तेव्हा कुठे त्यांना गमक मनासारखी घेता आली. सज्जादांनी जोडी सोडली नाही. ते १९९५ च्या जुलैत गेले आणि तीनच महिन्यांनी 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या नायकाच्या हाती देशभर मँडोलिन दिसली. या योगायोगाची हळहळ मला अजून वाटते.

तर मी आत्याकडे आलो होतो भुलाबाईचं गाणं बसवायला. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत खानदेश-विदर्भातल्या मुली भुलाबाई मांडतात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, शेवटी डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, पण मोगलांच्या काळी ते खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं होतं, आणि खानदेशातलं रावेर इथून हाकेच्या अंतरावर. आत्याची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली, गाणी मात्र कोरडी ठणठणीत मराठी.

आत्याचा सूर वयानं उतरून पांढरी पाचवर आलेला. मला ते सोयीचं झालं, कारण मँडोलिनची सर्वात जाड जोडी तिथंच मिळवलेली असते. ती मोकळी छेडली की सा, पुढची मोकळी छेडली की प. चाल पाच सुरांची. अर्ध्या तासात हातात बसली आणि दुसऱ्या अर्ध्या तासात कंटाळाही आला. एक अडचण गंधाराची. आत्याचा गंधार कोमल नाही, शुद्धही नाही, तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मधल्या गल्लीत राहतो. शेवटी तिसऱ्या पडद्यावर दोन्ही तारा एकदम किंचित ओढून तो मिळाला. बोटाची कातडी गेली, पण सज्जादांचं पाणी किती खोल होतं ते कळलं.

दुसरी अडचण मोठी. या गाण्यांत चाल बदलतच नाही, बदलतात ती नाती. सासरा, सासू, दीर, जाऊ, नणंद, एकेकाचं कडवं. शब्द काढून घेतले की उरतं काय? मला क्लासमध्ये शिकवलं होतं तसं मी प्रत्येक सूर पिकनं थरथरवून लांबवत होतो. आत्या दराबा वळता वळता ऐकत होती. (हा रवा-साखर-तुपाचा दराबा बऱ्हाणपूरचाच खावा. मावा जिलेबीचा डंका जास्त, पण माझं मत दराब्याला.) मग म्हणाली, "अरे, सगळ्यांना एकच माप? सासू दोन अक्षरांत येते, नणंद तीन अक्षरांत. आणि इतकी जल्दी कशाची?"

तेव्हा मी लांबवणं सोडलं. अक्षर तिथं ठोका. सासूला दोन, दोन्ही जड. सासरा आणि नणंद दोघांनाही तीन, पण सासऱ्याचा पहिला आणि शेवटचा जड, नणंदेचा फक्त मधला. जड अक्षराला पिक वरून खाली, हलक्याला खालून वर. डावा हात तेच पाच सूर घोटत राहिला आणि उजव्या हातात टिपरी आली. आठवडाभर मी एवढंच केलं. शाही किल्ला, जैनाबादेतला आहुखाना, कुंडी भंडारा, पाहुण्यानं पाहायचं ते सगळं राहून गेलं.

निघायच्या आदल्या रात्री आत्याला म्हटलं, "शब्द म्हणणार नाही. खिरापतीसारखं ओळखायचं." ती डोळे मिटून बसली. एका कडव्याला म्हणाली, "जाऊ." पुढच्याला, "ही नणंद." मी खूश होऊन थांबलो.

"आणि दीर गाळलास," ती म्हणाली.