इंजिन बदलण्यापूर्वी गाडी पारखावी

चिंचवड, निगडी, भोसरी या परिसरातील व्यापारी घरांत कधी कधी एक वेगळीच मागणी पुढे येते. अभियांत्रिकीचे शिक्षण पुरे केलेला किंवा वडिलांच्या पेढीवर नुकताच बसू लागलेला मुलगा नवी गाडी मागत नाही. त्याला वीस-तीस वर्षांपूर्वीची, एखाद्या गॅरेजच्या मागे धूळ खात उभी असलेली वेगवान घाटाची गाडी हवी असते. तिचे थकलेले इंजिन काढून तेथे दमदार इंजिन बसवावे, हा त्याचा बेत असतो. वडीलधाऱ्यांना हा पैशाचा चुराडा वाटतो, मुलाला ती स्वतःच्या हातांनी शिकण्याची संधी वाटते. दोघांचेही म्हणणे काही अंशी खरे असते. त्यातले कोणाचे अधिक खरे ठरणार, हे बहुतेक वेळा इंजिनावर ठरत नाही; कोणती जुनी गाडी निवडली यावर ते ठरते.

हा छंद या पट्ट्यात रुजावा यात नवल नाही. १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि पिंपरीला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, उभी राहिली. २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. या मोठ्या कारखान्यांच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योगांची वस्ती वाढत गेली. इंजिन बसवण्यासाठी लागणारी जाड पट्टी कापून घेणे, लेथवर बुश कातून घेणे, शाफ्ट आखूड करून त्याचा तोल साधून घेणे, ही कामे इतरत्र महिना खातात. भोसरीत ती चार गल्ल्यांच्या आत होतात. हाताशी कारागिरी असली, की माणसाला धाडसही सुचते.

वालचंदांच्या कारखान्यातील धडा

जुन्या देहात दुसऱ्याचे इंजिन बसवण्याचा उद्योग काही आजच्या तरुणांनी शोधून काढलेला नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण समाजाच्या परिचयाच्या एका नावाशी जोडलेले आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये तिच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्यांनी हे नाव घरोघरी नेले. वालचंद १९५३ मध्ये निवर्तले. परंतु १९८५ मध्ये त्यांच्या कंपनीने जी ‘११८ एनई’ गाडी बाजारात आणली, ती इंजिन बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाने अभ्यासावी अशी आहे.

या गाडीचा देह इटलीच्या फियाट १२४ चा होता. मूळ गाडी १९६६ मध्ये आली आणि १९६७ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार ठरली. तिचाच पाया थोडा आखूड करून पिनिनफरिना या प्रसिद्ध संस्थेने ‘स्पोर्ट स्पायडर’ घडवली होती. म्हणजे वरून कुटुंबाची वाटणारी ही चौकोनी गाडी रक्ताने क्रीडा-मोटारीची नातलग होती. प्रीमियरने त्या देहात फियाटचे इंजिन न ठेवता जपानच्या निस्सानचे १,१७१ सीसीचे ए-१२ इंजिन बसवले. मुख्य गोष्ट अशी, की इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही निस्सानचाच घेतला. मूळ फियाटचे इंजिनही सुमारे बाराशे सीसीचेच होते. त्यामुळे नव्या इंजिनाचा आकार आणि त्याची ताकद या दोन्ही गोष्टी त्या देहाला मानवल्या. ही गाडी पंधरा वर्षांहून अधिक काळ टिकली.

त्याच १९८५ मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीने ‘स्टँडर्ड २०००’ ही गाडी आणली. तिचा देहही सामान्य नव्हता. इंग्लंडच्या ज्या रोव्हर गाडीवरून तो घेतला होता, ती १९७७ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार होती आणि तिच्यात साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन शोभत असे. मद्रासमध्ये त्या देखण्या देहात १,९९१ सीसीचे, चार सिलिंडरचे, १९४० च्या दशकातील घडणीचे जुने इंजिन बसवले गेले. त्याची ताकद ८३ अश्वशक्ती होती. गाडी दिसण्यात राजेशाही आणि चालण्यात मंद निघाली, शिवाय पेट्रोल पिणारी म्हणून तिचे नाव खराब झाले. तीन वर्षांतच तिचे उत्पादन थांबले.

तिसरे उदाहरण हिंदुस्तान मोटर्सच्या काँटेसाचे. १९८४ मध्ये आलेल्या या गाडीच्या भारदस्त ब्रिटिश देहात प्रथम अ‍ॅम्बेसेडरचे १,४८९ सीसीचे इंजिन होते आणि ते त्या वजनाला पुरे पडेना. पुढे जपानच्या इसुझूचे १,८१७ सीसीचे इंजिन व त्याच्या जोडीला पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, तेव्हा तीच गाडी हवीहवीशी झाली. देह तोच, रस्ता तोच. जोडी बदलली आणि निकाल बदलला.

तिन्ही गाड्यांचे तात्पर्य एकच निघते. इंजिन चांगले की वाईट, हा पहिला प्रश्न नव्हे. ते ज्या देहात जाणार त्याचे वजन, जागा, चाकांना ताकद पोहोचवण्याची रीत आणि थांबण्याची क्षमता यांच्याशी त्याचे जुळते की नाही, हा पहिला प्रश्न होय.

गाडी पाहताना

म्हणून आधी इंजिन विकत घेऊन मग त्याला गाडी शोधणे ही उलटी रीत आहे. आधी सांगाडा पाहावा. मावळात आणि कोकणच्या बाजूला अनेक पावसाळे काढलेल्या गाडीत गंज वरच्या रंगाखाली लपलेला असतो. दारांखालचे पत्रे, पायाशी असलेली जमीन, बॅटरीखालची जागा आणि पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या माथ्याची बैठक, ही चार ठिकाणे नीट तपासावीत. पातळ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले, की जेथे ते धरत नाही तेथे पुट्टी भरलेली आहे हे कळते. थकलेले इंजिन बदलता येते; कुजलेला सांगाडा बदलायचा तर नवी गाडीच बांधावी लागते. यासाठी बंद इंजिनाची पण निकोप पत्र्याची गाडी ही गुरगुरणाऱ्या पण गंजक्या गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

दुसरी पाहणी बॉनेट उघडून करावयाची. ११८ एनई आणि काँटेसा यांत इंजिन लांबीच्या दिशेने बसते आणि ताकद मागील चाकांना जाते. अशा गाडीत जागा मोकळी असते आणि जोडकाम समजण्याजोगे असते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवे असते, पुढची चाके ओढतात. तेथे बोटभर जागेचा फरकही सारा बेत मोडू शकतो. इंजिनाखालचे तेलाचे भांडे पुढच्या आडव्या दांडीवर आपटते का, रेडिएटरला वारा मिळतो का, स्टीअरिंगचा दांडा एक्झॉस्टच्या फार जवळ येतो का, हे मोजपट्टीने पाहावे, अंदाजाने नव्हे. इंजिन शक्यतो त्याच्या स्वतःच्या गिअरबॉक्ससह घ्यावे, कारण दोन भिन्न कंपन्यांच्या इंजिन व गिअरबॉक्सची भोके जुळत नाहीत. इंजिन इलेक्ट्रॉनिक असेल, तर त्याचा संगणक, वायरिंग आणि मूळ किल्ली सोबत मिळालीच पाहिजे. किल्लीची ओळख पटल्याशिवाय ते सुरूच होत नाही. आणि ताकद वाढणार असेल, तर ब्रेक त्याआधी वाढले पाहिजेत.

निवडीस कोणत्या गाड्या येतात?

खरी क्रीडा-मोटार म्हणून भारतात बनलेली जुनी गाडी शोधू गेले, तर १९९० च्या दशकाच्या अखेरची दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ आठवते. तिची बॉडी फायबरची असल्याने ती गंजत नाही आणि तिच्यात रेनोचे १,१४९ सीसीचे इंजिन होते. परंतु या गाड्या फारच थोड्या बनल्या. तिची एक काचही फुटली तर ती मिळवणे कठीण. अशी गाडी हाती लागलीच, तर तिचे इंजिन उपटण्यापेक्षा आहे तेच नीट करणे शहाणपणाचे.

काँटेसा मागील चाकांची, प्रशस्त आणि तरुणांची लाडकी आहे; पण ती जड आहे आणि चांगल्या पत्र्याच्या गाडीला मालक सहजी सोडत नाहीत. ११८ एनई हलकी, साधी आणि कारखान्यानेच एकदा इंजिन बदललेली असल्याने शिकणाऱ्याला सर्वांत सोयीची. तिची उणीव एवढीच, की बाहेरचे पत्रे आणि दिवे शोधावे लागतात. तिसरा मार्ग एकाच घराण्यातील जोडीचा. फियाटने २००१ मध्ये आणलेली पॅलिओ १.२ आणि १.६ अशा दोन्ही इंजिनांत विकली गेली; मोठे इंजिन सुमारे शंभर अश्वशक्तीचे होते. जी जोडी कारखान्यानेच सिद्ध केली आहे, तेथे भाग आपसांत जुळतात आणि फिटरला नवा शोध लावावा लागत नाही. पहिल्या प्रयत्नासाठी यांत्रिक दृष्टीने हाच मार्ग सर्वांत कमी जोखमीचा आहे.

कागद आणि कायदा

येथवरचे सारे मुलाला ठाऊक असते. त्याला बहुधा ठाऊक नसते ते पुढचे, आणि घराला धोका तेथेच असतो.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे लहान इंजिनाच्या पॅलिओत मोठे इंजिन घालून ती मुंबई-पुणे रस्त्यावर नेणे हा केवळ छंद राहत नाही. दंड भरून सुटता येईल, असे कोणी म्हणेल. पण अशा गाडीने एखाद्याला इजा केली आणि न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनीने हात वर केले, तर भरपाईचा बोजा थेट मालकाच्या घरावर येऊ शकतो. गाडी वडिलांच्या किंवा पेढीच्या नावावर असेल, तर मालक तेच. आणि ज्याला इजा झाली, त्याच्या घरची हानी कोणत्याही रकमेने भरून निघत नाही.

मग मार्ग उरतात ते तीन. पहिला, त्याच प्रकारचे सुस्थितीतील इंजिन परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने बसवून नवा इंजिन क्रमांक आरसीवर चढवून घेणे. दुसरा, सीएनजी किंवा विजेवर चालवण्याचे मान्यताप्राप्त किट अधिकृत ठिकाणी बसवणे. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात असून तिचे एक केंद्र चाकणलाच आहे. मात्र किट ज्या गाडीसाठी मान्य झाले असेल, तिच्यातच ते बसवता येते. तिसरा, मोठ्या इंजिनाची गाडी रस्त्यावर मुळीच न काढता ट्रकवर चढवून कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या शर्यतमार्गावर, अथवा लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या स्पर्धांत, तेथील सुरक्षानियम पाळून चालवणे. यांपैकी कोणता मार्ग धरायचा, हे गाडी घेण्याआधी ठरले पाहिजे. कारण रस्त्यासाठीची गाडी आणि शर्यतीसाठीची गाडी यांची निवडच वेगळी होते.

आणखी एक भान हवे. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. कुर्ल्यात बनलेल्या किती तरी फियाट ११०० गाड्या आता या वयाला पोहोचल्या आहेत. तिच्यातील मूळ इंजिन काढले, की तो मान कायमचा जातो. आजोबांच्या वेळची गाडी घरात असेल, तर प्रयोगासाठी दुसरी शोधावी.

दोघांनी मिळून पाहावी

गाडी पाहायला मुलाने एकट्याने जाऊ नये आणि वडिलांनी त्याला एकटे पाठवू नये. मुलगा बॉनेटखाली वाकलेला असताना वडिलांनी आरसी हातात घ्यावी. गाडीवर ठोकलेला चॅसिस क्रमांक कागदाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, पंधरा वर्षांनंतरचे नूतनीकरण झाले आहे का, पर्यावरण कर भरला आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, आणि ‘एमएच १४’ सोडून दुसरीकडची नोंद असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र मिळणार का, हे प्रश्न धान्याची किंवा कापडाची खरेदी करताना जसे विचारले जातात तसेच विचारावेत. सुटे इंजिन घेताना पक्के बिल आणि त्यावर इंजिन क्रमांक असलाच पाहिजे. बिलाविना स्वस्त मिळणारे इंजिन चोरीच्या गाडीतले असू शकते, आणि चोरीचा माल घेणे व्यापारी घराला कोणत्याही भावात परवडत नाही.

खर्चाची स्वतंत्र वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. त्या वहीत गाडी आणि इंजिन ही दोन मोठी नावे असतात; पण पैसा संपतो तो होज, वायर, माउंटिंग, रेडिएटर, ब्रेक, रंग आणि पुन्हा पुन्हा करावे लागणारे जोडकाम यांत. अनेक गॅरेजांच्या कोपऱ्यात इंजिनाविना उभ्या असलेल्या गाड्या याच हिशेबात चुकलेल्या असतात. म्हणून ब्रेक आणि जोडकामाची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशांत बसेल तीच गाडी पाहावी.

पाहणीत पत्रा मऊ लागला, क्रमांकाजवळ घासल्याच्या खुणा दिसल्या किंवा विकणारा कागद ‘नंतर देतो’ म्हणाला, तर इसार न देता परत फिरावे. चाकणच्या रस्त्यावर जुन्या गाड्या आणखीही भेटतील. त्या दिवशी रिकाम्या हाताने घरी आलेल्या मुलाने एक गोष्ट मात्र कमावलेली असते: इंजिनाचा आवाज ऐकूनही ‘नको’ म्हणता येणे.