गारव्याचा वसंत आणि ओला मोहोर



‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे आपण म्हणतो. पण कोकणपट्टीत आणि सह्याद्रीच्या उतारावर एखाद्या वर्षी थंडी होळीचे ऐकत नाही. माघ-फाल्गुनात आभाळ भरून येते, पहाटे गारठा असतो आणि मध्येच एखादी सर पानांवर वाजून जाते. हवामान खाते सांगते, ‘ढगाळ हवामान, तुरळक ठिकाणी हलका पाऊस.’ आषाढात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तरी आपण दचकत नाही. फाल्गुनात पाच मिलिमीटर झाला की बागाईतदाराची झोप उडते, कारण वर्षाचा सारा हिशेब त्या वेळी मोहोरावर टांगलेला असतो.

असा अंदाज आला की बरेच जण धावतपळत पंप काढतात आणि दिसेल ते औषध मारतात. पैसे जातात, पंपवाल्याची मजुरी जाते, मोहोर मात्र काळा पडायचा तो पडतोच. तेव्हा अंदाज ऐकून नेमके काय करावे आणि काय करू नये, याचा विचार करू.

असे हवामान का होते?

हिवाळ्यात आपल्याकडे उत्तरेची कोरडी, थंड हवा येते. भूमध्य समुद्राकडून निघून हिमालयाकडे जाणारे पश्चिमी झंझावात कधी कधी नेहमीपेक्षा दक्षिणेपर्यंत प्रभाव दाखवतात. त्याच वेळी अरबी समुद्रावरून दमट वारे आत शिरले की दोन्ही हवा आपल्या डोक्यावर भेटतात. सह्याद्रीची भिंत ही दमट हवा वर उचलते, ढग होतात आणि सरी येतात. मात्र पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. एका वाडीत ओल आणि पलीकडच्या वाडीत धूळ, हे आपण दर वर्षी पाहतो.

म्हणून अंदाजातले शब्द नीट ऐकावेत. हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातील शंभरातल्या पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस, आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे सव्वीस ते पन्नास ठिकाणी. ‘हलका पाऊस’ म्हणजे चोवीस तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज सरासरीचा असतो. त्यावरून फवारणीचा दिवस ठरत नाही. दर गुरुवारी निघणारा पुढील काही आठवड्यांचा अंदाज कामाचे नियोजन करायला उपयोगी पडतो, आणि पंप उचलायचा की नाही हे पाच दिवसांच्या जिल्हानिहाय अंदाजावरून ठरवावे.

पावसाचा आकडा नव्हे, ओलाव्याचे तास मोजा

मोहोराचे नुकसान किती पाऊस पडला यापेक्षा मोहोर किती वेळ ओला राहिला यावर ठरते. जोराची सर येऊन गेली आणि लगेच ऊन-वारा सुटला, तर मोहोर सुकतो. नुसती भुरभुर झाली आणि दिवसभर आभाळ राहिले, तर तीच भुरभुर महाग पडते.

येथे दोन रोगांतला फरक ओळखला पाहिजे. भुरीला पाऊस लागत नाही. गार रात्री, ढगाळ दिवस आणि दमट हवा एवढे तिला पुरते. मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी दिसते. करप्याला मात्र पाणी लागते. ओल्या मोहोरावर तपकिरी-काळे ठिपके पडतात, फुले करपतात आणि कणी गळते. तुडतुडेही अशाच हवेत वाढतात. ते रस शोषतात, चिकट द्रव सोडतात आणि त्यावर काळी बुरशी चढते.

आपल्या बागेतही सारखेपणा नसतो. कातळावरची कलमे लवकर सुकतात. पऱ्ह्याकाठची आणि दाट लावलेली कलमे सकाळी दहापर्यंत दवाने ओली असतात. पाहणी नेहमी या ओल्या कोपऱ्यातून सुरू करावी. रोग पहिल्यांदा तिथेच दिसतो.

उघडीप साधा

सर येऊन गेली की पहिले काम बिनपैशाचे आहे. फांद्या हलक्या हाताने हलवून मोहोरावरचे पाणी झाडून टाकावे. नंतर मोहोर सुकू द्यावा. ओल्या मोहोरावर किंवा पावसाच्या तोंडावर मारलेले औषध जमिनीवर जाते.

भुरी दिसत असेल तर पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक दहा लिटर पाण्यात २० ग्रॅम वापरावे. पण कडक उन्हात गंधक मारू नये, मोहोर भाजतो. करप्यासाठी कार्बेन्डाझिम १२ टक्के व मॅन्कोझेब ६३ टक्के हे मिश्र बुरशीनाशक दहा लिटरला १० ग्रॅम घ्यावे. निर्यातीला माल देणाऱ्यांनी आधी त्या देशाची चालू यादी पाहावी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे फवारणी वेळापत्रक प्रसिद्ध होते. त्याची ताजी प्रत घरात असावी. दुकानदार सांगेल ते औषध, हे वेळापत्रक नव्हे.

मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक शक्यतो टाळावे. गारव्यात आधीच माश्या आणि सातेरी मधमाश्या कमी फिरतात. थंडीत मोहोरात नर फुलांचे प्रमाण वाढते आणि फळ धरणारी संयुक्त फुले कमी राहतात. त्यात परागीकरण करणारे कीटकही मेले, तर भरगच्च मोहोर दिसूनही फळ धरत नाही.

मोहोरावर पुन्हा मोहोर

हापूसला मोहोर यायला थंडी हवीच. पण पहिला मोहोर फळाला लागल्यावर पुन्हा थंडी पडली तर त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. झाडाचे अन्न तिकडे वळते आणि धरलेली कणी गळते. पुरेसा मोहोर आलेला असेल तर फुले उमललेली असताना व पुढे फळे वाटाण्याएवढी झाल्यावर जिब्रेलिक आम्लाची ५० पीपीएम फवारणी करावी, म्हणजे २० लिटर पाण्यात एक ग्रॅम. नव्या मोहोराची हिरवळ पाहून हुरळून जाऊ नये. आधीच्या फळांची किंमत देऊन तो येतो.

घरातील बायाबापड्यांसाठी

अंदाज फक्त बागेचा नसतो. वाल आणि कुळीथ खळ्यावर असतात, गवताच्या उडव्या उघड्या असतात, काजूची बी वेचायची असते. ओली बी ढिगात ठेवली तर काळवंडते. दोन-तीन दिवस कडक ऊन दिल्याशिवाय पोत्यात भरू नये. कुरडया, आंबोशी, सुकी मासळी ही वाळवणेही पाच दिवसांचा अंदाज ऐकून घालावीत. २०२५ साली २५ मे रोजीच मोसमी पाऊस दक्षिण कोकणात पोहोचला. त्यामुळे उशिराचा आंबा, कोकम आणि वाळवणे शेवटच्या आठवड्यावर ठेवण्याची सवय आता धोक्याची आहे.

विम्याचे लक्षात ठेवा

हवामानावर आधारित फळपीक विम्यात अवेळी पाऊस आणि कमी तापमान यांची नोंद महसूल मंडळासाठी ठरवलेल्या हवामान केंद्रावरून धरली जाते, आपल्या झाडाकडे पाहून नव्हे. नोंदणीची मुदत हंगामाच्या आधीच संपते. मोहोर काळा पडल्यावर केलेली धावपळ कामाला येत नाही.

एक साधी वही करा. रोज पाऊस झाला का, मोहोर कधी सुकला, कोणत्या कोपऱ्यात रोग दिसला, कोणते औषध कधी मारले, एवढे चार रकाने पुरेत. दोन-तीन हंगामांत आपल्या बागेचा स्वभाव त्या वहीत उतरेल. मग हवामान खात्याने ‘तुरळक सरी’ म्हटले की आपल्या कोणत्या कलमांकडे आधी जायचे, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.