औंढ्याचे आरसे

नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले, अशी आख्यायिका ज्या औंढा नागनाथच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते, त्याच परिसरात, नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे ज्यांनी गमावली, आणि १० जुलै २०२४ च्या सकाळी हिंगोलीचा ४.५ तीव्रतेचा धक्का ज्यांनी अनुभवला, त्या मराठवाड्याच्या लोकांनी या यंत्राचे मर्म जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण हलत्या भूमीवर अढळ राहण्याची विद्या हेच ते मर्म होय.

काटकोनातील दोन चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्यांतून लेसरचा किरण दुभंगून धाडावयाचा, आरशांवरून परतलेले दोन्ही अंश एकत्र आणावयाचे आणि त्यांच्या व्यतिकरणावरून लांबीतील फरक ओळखावयाचा, ही मायकेल्सनची कल्पना. अमेरिकेतील दोन लायगो यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली, तेव्हा नोंदलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या अल्पांशाएवढा होता. गोंगाटातून असा क्षीण संकेत निवडण्याच्या गणिताचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातील संजीव धुरंधर यांचे नाव आदराने घेतले जाते.

परंतु किरणच वाट चुकला तर गणित निरुपाय होते. चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेला ४० किलोंचा आरसा एका रेडियनच्या दशलक्षांशाने कलला, तरी परावर्तित किरण चार किलोमीटरवर आठ मिलिमीटर सरकतो. आणि येथे तर त्याहूनही शेकडो पट सूक्ष्म अचूकता अभिप्रेत आहे. मानवी हाताच्या आवाक्याबाहेरचा हा कारभार म्हणूनच स्वयंचलित यंत्रणेकडे सोपवावा लागतो. आरशावरून परावर्तित होणारा एक साहाय्यक किरण प्रथम स्थूल कल दाखवितो. पुढे मुख्य प्रकाशावर चढविलेल्या रेडिओ-वारंवारतेच्या स्पंदनांचे चार भागांत विभागलेल्या प्रकाशसंवेदकांवर मोजमाप होते, त्यांतील डाव्याउजव्या व वरखालच्या तफावतीवरून संगणक कोणता आरसा कोणत्या दिशेस कलला हे हुडकतो, आणि लोलकाच्या वरच्या टप्प्यांवरील चुंबकांजवळच्या वेटोळ्यांत अल्पसा प्रवाह सोडून तो सरळ करतो. एका आरशाचा दोष अनेक संवेदकांत मिसळून दिसतो, म्हणून प्रत्येकाचा हिशेब पृथक् करावा लागतो. शिवाय या नळ्यांत साठलेला शेकडो किलोवॅटचा प्रकाश आरशास पीळ देतो. त्यास आवरावे तर दुरुस्ती जोरकस हवी, आणि ती फार जोरकस झाली तर संवेदकांचा गोंगाट मूळ मापनातच शिरतो. या दोहोंमधील संयम साधणे, हीच या विद्येची खरी कसोटी.

ही विद्या इमारतीबरोबर आपोआप येत नाही. तिच्यासाठी माणसे घडवावी लागतात. १९९४ साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चारही जिल्हे येतात. प्रवेशपरीक्षांतील यशासाठी नावाजलेल्या लातूरच्या आणि नांदेडच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की एक लेसर, एक अर्धपारदर्शक काच आणि दोन आरसे घेऊन आपल्या विद्यार्थ्यांना व्यतिकरणाचे पट्टे स्वहस्ते जुळवू द्यावेत. औंढ्याचे आरसे सांभाळणारे हात याच मातीतले असावेत, आणि त्याची तयारी आजच्या वर्गात सुरू व्हावी.