पाटा वाढवला म्हणजे गाडीची ताकद वाढत नाही! टाकी, पंप, कॅरियर बसवण्याआधी हे वाचा

दिंडोरी : शेतरस्त्याने बांधापर्यंत जाणारी बोलेरो, कॅम्पर नाहीतर जुनी थार आता बऱ्याच शेतकऱ्यांच्या दारात दिसते. गाडी आली की हळूहळू सामान वाढत जातं. आधी वर कॅरियर, मग पुढे लोखंडी बंपर, मागे पाण्याची टाकी, फवारणी पंप, पान्यांची पेटी. वर्षभरात गाडी मागून बसते. मग गॅरेजमध्ये एक ठरलेला उपाय सुचवला जातो, 'एक पाटा जास्त टाकू.' पाटा टाकला की गाडी उचलते खरी, पण खरा प्रश्न तिथून सुरू होतो.

वजन नेमकं किती वाढतं?

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरचा ड्रम भरला की २०० किलो झाले, ड्रमचं वजन वेगळंच. त्यात पाच माणसं बसली तर पाचशे किलो सहज होतात. कॅरियर, बंपर, पंप हे तर गाडीवर कायमचं ओझं. ते रिकाम्या गाडीतही चोवीस तास पाट्यांवर असतं.

म्हणून अंदाजावर जाऊ नये. गाडी नेहमीच्या सामानासह आणि माणसांसह भुईकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्यावं, नंतर फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्यावं. मागच्या एक्सलवर किती भार येतो ते त्यातून कळतं. कंपनीच्या पुस्तिकेत गाडीचं कमाल एकूण वजन दिलेलं असतं, त्याच्याशी हे आकडे ताडून बघावेत.

सामान कुठे ठेवलं, याला जास्त महत्त्व

बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.६८ मीटर आहे. समजा मागच्या दाराबाहेर स्टँड करून, मागच्या एक्सलपासून एक मीटर मागे, १०० किलोचं सामान लावलं. तर मागच्या चाकांवर १०० नाही, सुमारे १३७ किलो भार वाढतो आणि पुढच्या चाकांवरचा ३७ किलो कमी होतो. हिशेब तराजूच्या दांडीचाच आहे.

पुढचं चाक हलकं झालं की स्टेअरिंग हलकं लागतं आणि ब्रेक मारताना पुढची पकड कमी होते. मागून गाडी बसल्याने हेडलाईट वर उठतो आणि समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपतात.

म्हणून जड सामान खाली आणि दोन्ही एक्सलच्या मधोमध ठेवावं. टपावर हलकंच सामान असावं. टपावर वजन असेल तर बांध चढताना किंवा आडव्या उतारावर गाडी कलंडण्याची भीती वाढते. टाकी अर्धी भरून पळवू नये. आत पाणी डचमळतं आणि वळणावर गाडीला ओढतं. टाकीत आडवे पडदे असलेले बरे.

पाटा टाकायचा की नाही?

आधी एक फरक समजून घ्यावा. ओझं कायमचं आहे की कधीमधीचं?

कायमचं असेल, तर त्या वजनाला जुळणारा पाट्यांचा पूर्ण संच बसवणं योग्य. कधीमधीचं असेल, तर गाडी भरल्यावरच टेकणारा मदतनीस पाटा बरा. रिकाम्या गाडीत कडक पाटे असले की खड्ड्यात चाक उड्या मारतं, जमिनीची पकड सुटते आणि माणसांच्या कमरेचे हाल होतात ते वेगळेच.

पाट्याबरोबर शॉकअपही बघावा. पाटा दबून परत उसळतो, ती उसळी शॉकअप आवरतो. पाटा कडक आणि शॉकअप जुना असेल तर गाडी डोलत राहते.

शॅकल लांब करून गाडी उचलणं हा स्वस्तातला उपाय. त्याने उंची वाढते, भार पेलण्याची ताकद वाढत नाही. पाटा गॅसवर तापवून वाकवणं किंवा वेल्डिंग करणं तर टाळावंच. पाट्याचं पाणी उतरतं आणि तो लवकर बसतो किंवा तुटतो.

ब्रेकचा धोका

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. एबीएस नसलेल्या अनेक गाड्यांत मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून जितकी बसेल, तितका जास्त दाब तो मागच्या ब्रेकला देतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही बसत नाही. व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि मागचा ब्रेक कमी लागतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गेलेली भरलेली गाडी घाट उतरताना काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको. पाटे बदलले की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा सेट करून घ्यावा.

पाटे कितीही टाका. ब्रेक, एक्सल, टायर आणि चेसिस तेच राहतात. आरसीवरची वजनाची मर्यादाही तीच राहते. मालवाहू गाडीत जादा माल सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये दंड आहे आणि प्रत्येक जादा टनाला दोन हजार वेगळे. लोखंडी बंपरबाबत केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं आहे. एअरबॅग असलेल्या गाडीत असा बंपर एअरबॅगच्या कामात अडथळा आणू शकतो.

घरी करता येण्यासारखी तपासणी

- सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने चारही बाजूंनी माप घ्या. गाडी रिकामी असताना आणि भरल्यावर, दोन्ही वेळा. आकडे लिहून ठेवा.
- डाव्या-उजव्या बाजूत फरक दिसला तर पाटा बसला आहे की तुटला आहे ते बघा.
- नवे पाटे बसवल्यावर काहीशे किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या. ते ढिले राहिले तर मधला बोल्ट तुटून एक्सल सरकू शकतो.
- टायरमध्ये हवा भरलेल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे ठेवा. तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो.
- हंगाम संपला की टाकी, पंप, स्टँड उतरवून ठेवा. पाट्याला आराम आणि डिझेलची बचत, दोन्ही होतं.