चालक प्यायलेला आहे का? मालक तपासणी करू शकतो का, जाणून घ्या नियम

केज : दसरा-दिवाळी झाली की केज तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात संसार आणि लेकरंबाळं. स्टेअरिंगवर बसणारा चालक शुद्धीवर आहे का, हे पाहायचे कोणी? वैमानिकांची उड्डाणापूर्वी आणि रेल्वेच्या लोको पायलटची ड्युटीपूर्वी श्वास तपासणी होते. एक-दोन गाड्यांचा मालक किंवा जिनिंगवाला मात्र तोंडाच्या वासावरच अंदाज बांधतो.

कायदा काय सांगतो?

छोट्या खासगी व्यवसायाने कामगारांची नशा तपासणी केलीच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. सरसकट बंदीही नाही. वाहन चालवणाऱ्यांना मात्र मोटार वाहन कायदा लागू होतो.

- कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गांजा किंवा गोळ्यांच्या अंमलामुळे वाहनावर ताबा राहत नसेल, तरी हेच कलम लागते.
- कलम १८८ : या गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे चालक प्यायलेला आहे हे माहीत असूनही गाडी देऊन पाठवणारा मालक अडचणीत येऊ शकतो.

शिवाय चालक नशेत असताना अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते.

मालक जबरदस्ती करू शकतो का?

नाही. कलम २०३ नुसार चालकाला श्वास तपासणी करायला लावण्याचा अधिकार गणवेशातील पोलीस आणि मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्याला आहे. मालकाला संमतीनेच तपासणी करता येते. त्यासाठी कामावर ठेवतानाच मराठीत साधा नियम लिहून सही घ्यावी : तपासणी कधी होईल, नकार दिल्यास काय होईल, निकाल कोणाला कळेल. नियम सगळ्यांना सारखा हवा. एकालाच रोज फुंकायला लावले, तर तो छळ ठरतो.

यंत्र चुकते का?

चुकू शकते. नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर आकडा फुगतो. म्हणून १५ ते २० मिनिटे थांबून पुन्हा तपासावे. यंत्राचे कॅलिब्रेशन वेळेवर करून घ्यावे. शरीर दर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम अल्कोहोल कमी करते. त्यामुळे रात्री भरपूर प्यायलेला माणूस पहाटे ‘उतरली’ म्हणतो, तरी यंत्रात आकडा दिसू शकतो.

लघवीच्या तपासणीचे गणित वेगळे आहे. गांजाचा अंश काही दिवस, नियमित ओढणाऱ्यात काही आठवडेही सापडतो. माणूस आत्ता नशेत आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध किंवा भरपूर खसखस खाल्ली, तरी अफूजन्य पदार्थांची किट पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीत अनारसे खाल्लेल्या माणसाला त्यावरून नशेबाज ठरवणे धोक्याचे. अशा वेळी प्रयोगशाळेतून खात्री करून घ्यावी.

लगेच कामावरून काढता येते का?

घाई नको. तोंडाचा वास, झोकांड्या आणि अडखळते बोलणे एवढ्यावरून दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये महाराष्ट्रातील बच्चुभाई करयानी प्रकरणात म्हटले होते. दुसरीकडे, मद्यधुंद चालकाच्या बडतर्फीच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये याच न्यायालयाने, मोठे नुकसान झाले नाही म्हणून नशेत वाहन चालवणे खपवून घेता येणार नाही, असे बजावले. मात्र २५ वर्षांची सेवा पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. थोडक्यात, नोटीस द्या, म्हणणे ऐका, नोंद ठेवा, मग शिक्षा ठरवा.

त्या दिवशी काय करावे?

- चावी काढून घ्या, दुसरा चालक द्या. वाद उद्यावर ठेवा.
- दोन साक्षीदारांसमोर वेळ आणि आकडा लिहा.
- निकाल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.
- व्यसन जुने असेल, तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही सल्ला घेता येईल.

नोकरीचा निर्णय चार दिवसांनी झाला तरी चालतो. चावीचा निर्णय मात्र गाडी सुरू होण्याआधीच व्हायला हवा.