जास्त कोअर म्हणजे जास्त वेग? पावसाच्या अंदाजामागचा हिशेब

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७४ मिलिमीटरची नोंद झाली. दोन्ही ठिकाणे एकाच मुंबईतली, मधले अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. इतक्या जवळच्या दोन ठिकाणांमधला फरक आधी कळायला हवा असेल, तर संगणकाने किती बारीक जाळीवर आणि किती वेगाने आकडेमोड करायची? आणि ती करणारा प्रोसेसर कोणता निवडायचा?

दुसरा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञांचा वाटतो. प्रत्यक्षात हवामान संस्था, रुग्णालये, बँका, विद्यापीठे अशा सर्वांना तो दर काही वर्षांनी सोडवावा लागतो आणि त्यात अनेकदा जनतेचा पैसा गुंतलेला असतो. मोठ्या सर्व्हरच्या बाजारात मुख्य स्पर्धा दोन नावांची आहे. एक इंटेलचा ‘झिऑन’ आणि दुसरा एएमडीचा ‘एपिक’. दोघांची आज्ञावली एकाच घराण्याची असल्यामुळे एकावर चालणारा प्रोग्राम बहुधा दुसऱ्यावरही चालतो. म्हणूनच निवड सोपी वाटते. ज्याचा आकडा मोठा तो घ्यावा, असा मोह होतो. तो बऱ्याचदा महागात पडतो.

जाळी बारीक, काम आठपट

हवामानाचे प्रारूप पृथ्वीभोवतीच्या वातावरणाची चौकोनांत विभागणी करते आणि प्रत्येक चौकोनातील तापमान, दाब, वारा, बाष्प यांचा हिशेब ठरावीक सेकंदांच्या टप्प्यांनी पुढे नेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने, म्हणजेच ‘आयआयटीएम’ने, विकसित केलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. त्याआधीच्या प्रारूपाचा बारा किलोमीटरचा होता.

चौकोनाची बाजू निम्मी केली की तेवढ्याच जमिनीवर चौपट चौकोन बसतात. शिवाय चौकोन लहान झाला की वारा तो लवकर ओलांडतो, त्यामुळे काळाचे टप्पेही साधारण निम्मे करावे लागतात. म्हणजे एकूण काम सुमारे आठपट वाढते. वातावरणाचे थर वाढवले तर त्याहून जास्त. आणि हे सारे घड्याळाशी बांधलेले असते. उद्याचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही. तो जिल्हा प्रशासन, धरणांचे अभियंते, मच्छीमार यांच्यापर्यंत वेळेत पोहोचला तरच त्याला अर्थ.

‘प्रत्यूष’ ते ‘अर्का’

‘आयआयटीएम’चा ‘प्रत्यूष’ हा महासंगणक जानेवारी २०१८ मध्ये देशाला अर्पण झाला. त्याची क्षमता सुमारे चार पेटाफ्लॉप्स, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिती क्रिया. त्यात इंटेलचे १८ कोअरचे झिऑन प्रोसेसर होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत ‘अर्का’ आला. क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप्स आणि प्रोसेसर एएमडीचे, ४८ कोअरचे एपिक. नोएडातील ‘अरुणिका’सह या प्रकल्पाचा खर्च ८५० कोटी रुपये होता. ‘प्रत्यूष’वर सुमारे दहा तास चालणारे प्रारूप ‘अर्का’वर चार तासांत पूर्ण होऊ लागले.

या दोन चिपची तुलना उद्बोधक आहे. घड्याळाचा मूळ वेग जवळजवळ तोच राहिला, आधी २.१ गिगाहर्ट्झ आणि नंतर २.३. कोअर मात्र १८ वरून ४८ झाले, म्हणजे सुमारे पावणेतीनपट. आता मेमरीकडून येणाऱ्या माहितीचा कमाल वेग पाहू. जुन्या चिपसाठी तो सेकंदाला ७६.८ गिगाबाइट होता, नव्यासाठी २०४.८. हीसुद्धा सुमारे पावणेतीनपटच वाढ. दोन्हीकडे एका कोअरच्या वाट्याला सेकंदाला साधारण ४.२७ गिगाबाइट येतात. म्हणजे कोअरच्या तुलनेत माहितीचा रस्ता तेवढाच रुंद राहिला. सुधारणा झाली ती दुसरीकडे. चिपच्याच पोटात असणारी झटपट मेमरी, जिला ‘कॅश’ म्हणतात, ती कोअरमागे अडीच मेगाबाइटवरून पाच मेगाबाइटच्या पुढे गेली. कोअरमागे लागणारी वीजही साडेसहा वॅटच्या पुढून पाऊणेपाच वॅटच्या आत आली.

आचारी दहा, कोठीवाला एक

रस्त्याच्या रुंदीला एवढे महत्त्व का? लग्नघरातल्या स्वयंपाकाचे उदाहरण घेता येईल. दहा आचारी लावले, पण कोठीघरातून सामान काढून देणारा माणूस एकच असेल, तर निम्मे आचारी हात बांधून उभे राहतील. प्रोसेसरचे कोअर म्हणजे आचारी, मेमरी म्हणजे कोठीघर आणि दोघांमधला मार्ग म्हणजे तो कोठीवाला. कॅश म्हणजे चुलीशेजारी ठेवलेले डबे. ते मोठे असतील तर कोठीवर कमी फेऱ्या होतात.

हवामानाच्या प्रारूपात प्रत्येक चौकोनाची माहिती आणायची, तिच्यावर थोडीच गणिते करायची आणि परत ठेवायची, असा प्रकार असतो. अशा कामात कोअरची संख्या नव्हे, तर कोठीवाल्याचा वेग बऱ्याचदा निर्णायक ठरतो. याउलट मोठ्या कोष्टकांचा गुणाकार, जो कृत्रिम बुद्धिमत्तेत सतत लागतो, त्यात एकदा आणलेल्या माहितीवर भरपूर गणिते होतात. तिथे आचाऱ्यांचे कसब जास्त महत्त्वाचे.

दुसरी मर्यादा जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिली. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून घेता येत नाही, तो एकापाठोपाठ एक असाच करावा लागतो. समजा, असा भाग फक्त ५ टक्के आहे. तर ६४ कोअर लावल्यावर काम सुमारे १५.४ पट वेगाने होते. कोअर दुप्पट करून १२८ लावले तर १७.४ पट. खर्च जवळजवळ दुप्पट आणि फायदा तेरा टक्के! कोअर कितीही वाढवले, तरी अशा कामाचा वेग वीसपटीच्या पुढे जाऊच शकत नाही.

एकाच तोलाचे दोन मल्ल

२०२४ च्या अखेरीस दोन्ही कंपन्यांनी बाजारात आणलेल्या चिप या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. इंटेलचा झिऑन ६९८०पी आणि एएमडीचा एपिक ९७५५. दोघांनाही १२८ कोअर, दोघांचीही विजेची मर्यादा ५०० वॅट. कॅश एकात ५०४ मेगाबाइट, दुसऱ्यात ५१२. मेमरीचे मार्ग दोन्हीकडे बारा. जानेवारी २०२५ मध्ये इंटेलने किमतीत मोठी कपात केल्यानंतर छापील दरही जवळ आले, १२,४६० आणि १२,९८४ डॉलर.

फरक आहे तो बारकाव्यांत. एएमडीच्या चिपचा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ, तर इंटेलचा २.०. सर्व कोअर सतत राबत असतील, तर एएमडीच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे. इंटेलच्या चिपला मात्र एक वेगळ्या प्रकारची, अधिक वेगवान मेमरी जोडता येते. तिच्यासह सेकंदाला सुमारे ८४५ गिगाबाइट माहिती वाहू शकते. नेहमीच्या मेमरीवर दोन्हीकडे हा आकडा सहाशेच्या आसपास राहतो. वेगवान मेमरी महाग असते, हेही हिशेबात धरावे लागते. शिवाय इंटेलच्या चिपमध्ये कोष्टकांच्या गुणाकारासाठी खास यंत्रणा आहे. लहान आकाराचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप वेगळे कार्ड न घेता चालवायचे असेल, तर ती उपयोगी पडते.

म्हणजे उत्तर कामावर अवलंबून आहे. शेकडो रुग्णांच्या जनुकीय नमुन्यांचे विश्लेषण करणाऱ्या प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना स्वतंत्र असतो, त्यामुळे भरपूर कोअर चांगले वापरले जातात. रुग्णालयाच्या नोंदींचा डेटाबेस मात्र कमी पण चपळ कोअरवर जास्त खूश असतो. एएमडीनेच ६४ कोअरचा, पण पाच गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसरही त्याच वेळी आणला.

चिपपेक्षा महाग गोष्टी

अनेक व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना कोअरच्या संख्येवर आकारला जातो. विंडोज सर्व्हर हे त्याचे परिचित उदाहरण. समजा, एखाद्या डेटाबेसचा परवाना कोअरमागे वर्षाला ५० हजार रुपये आहे. १२८ कोअरसाठी वर्षाला ६४ लाख रुपये होतील, ३२ कोअरसाठी १६ लाख. जर ३२ चपळ कोअरवर काम भागत असेल, तर मोठी चिप घेणे म्हणजे रिकाम्या बसलेल्या आचाऱ्यांचाही पगार देणे. हवामानाच्या प्रारूपांना हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण ती संस्थांनी स्वतः किंवा एकत्र येऊन लिहिलेली असतात.

मग वीज. ५०० वॅटचा प्रोसेसर पूर्ण भाराने वर्षभर चालला तर ४,३८० युनिट लागतात. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरला त्याच्या दुप्पट. युनिटला १० रुपये धरले, तर असे एक हजार सर्व्हर पाच वर्षांत सुमारे ४४ कोटी रुपयांची वीज केवळ प्रोसेसरसाठी खातील. ही सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती बाहेर काढायला आणखी वीज लागते. म्हणूनच आता अनेक महासंगणकांमध्ये पंख्यांऐवजी थेट चिपपर्यंत नेलेल्या द्रवाने गारवा दिला जातो. जुन्या इमारतीत ती सोय नसेल, तर ५०० वॅटची चिप घेण्याआधी नळयोजनेचा विचार करावा लागतो.

तिसरा खर्च कंपनी बदलण्याचा. चालू असलेले आभासी सर्व्हर बंद न करता एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवण्याची सोय मोठी केंद्रे रोज वापरतात. इंटेलवरून एएमडीवर असे हलवणे सहसा जमत नाही, ते सर्व्हर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावे लागतात. चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात हा मुद्दा किरकोळ नसतो.

शेवटच्या अंकाची गंमत

हवामानात आणखी एक अडचण आहे. प्रोसेसर बदलला की सहसा त्याचे कंपाइलर आणि गणिती ग्रंथालयेही बदलतात. बेरजांचा क्रम थोडा बदलतो आणि उत्तराच्या अगदी शेवटच्या दशांश स्थळी फरक पडतो. दोन्ही उत्तरे आपापल्या परीने बरोबरच असतात. पण १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेंझ यांना काय आढळले ते प्रसिद्ध आहे. त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ हा आकडा भरला आणि काही काळाने संगणकातले हवामान पूर्ण वेगळे झाले. त्यामुळे नव्या यंत्रावर प्रारूप नेले की ‘उत्तर तेच आले का’ असे विचारून भागत नाही. ‘अनेक दिवसांच्या अंदाजांची अचूकता पूर्वीइतकीच आहे का’ हे तपासावे लागते. नव्या महासंगणकाचा हा वेळखाऊ भाग असतो आणि तो खरेदीच्या वेळापत्रकात आधीच धरावा लागतो.

येत्या काळात ही निवड आणखी गुंतागुंतीची होईल. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या हवामान केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूप नियमित वापरात आणले. अशी प्रारूपे ग्राफिक्स प्रोसेसरवर काही मिनिटांत अंदाज देतात. मात्र ती शिकतात ती भौतिकशास्त्राच्या समीकरणांवर चालणाऱ्या प्रारूपांच्या मदतीने तयार झालेल्या जुन्या नोंदींवरून. म्हणजे झिऑन-एपिकची गरज इतक्यात संपणार नाही, फक्त त्यांच्या शेजारी आणखी एक स्पर्धक येऊन बसला आहे.

निवड करताना

जाणकार संस्था जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबत नाहीत. आपलाच प्रोग्राम, आपलीच माहिती आणि आपल्यालाच हवी असलेली वेळेची मर्यादा पुरवठादारांसमोर ठेवतात आणि दोन्ही प्रोसेसरवर तो चालवून दाखवायला सांगतात. मग यंत्राच्या किमतीत पाच वर्षांची वीज, गारवा आणि परवाने मिळवून एकेका कामाचा खर्च काढतात. एका अंदाजाला किती रुपये, एका जनुकीय नमुन्याला किती रुपये, असा हा हिशेब असतो. लहान संस्थांनाही हे जमण्यासारखे आहे, कारण अनेक क्लाउड कंपन्या दोन्ही प्रकारचे सर्व्हर तासाच्या भाड्याने देतात. काही हजार रुपयांत आठवडाभराची चाचणी होते आणि कोट्यवधींच्या खरेदीतली चूक टळते. हवामान संस्थेच्या बाबतीत तर या चाचणीचा निकष अगदी साधा आहे. ठरलेल्या वेळेआधी, ठरलेल्या बारकाव्याने अंदाज हाती आला की नाही, एवढेच त्यात पाहायचे असते. चिपवर कोणाचे नाव आहे, हे त्यानंतरचे.