पंधरा दिवसांची मुदत

अमेरिकेतील शहर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेचे मनोरे आणि रुंद रस्ते उभे राहतात. त्याच शहरांत गळकी छपरे आहेत, शिशाच्या जुन्या रंगाचे पोपडे सुटलेल्या भिंती आहेत, तुंबलेली गटारे आहेत, आणि रात्री निवाऱ्याच्या दारापाशी रांग लावणारी माणसेही आहेत. त्यांच्यासाठी वॉशिंग्टनहून दरवर्षी पैसा येतो, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. आलेला पैसा कुठे गेला याचा हिशेब प्रत्येक शहराला वर्षअखेर द्यावा लागतो, आणि तो वरच्या सरकारकडे पाठविण्यापूर्वी निदान पंधरा दिवस शहरातील लोकांपुढे उघडा ठेवावा लागतो. आपल्या घरांतील कित्येक मुलगे-सुना, लेकी-जावई आज जर्सी सिटीत किंवा फ्रीमाँटला राहतात. या दोन्ही शहरांना हे अनुदान मिळते व दोन्ही असा अहवाल काढतात. त्यांच्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिला असेल, हा प्रश्न मनात येतो. तो आपल्यालाही विचारण्यासारखा आहे; त्याकडे पुढे येऊच.

अमेरिकेच्या संघ-सरकारात गृहनिर्माण व नगरविकास यांचे स्वतंत्र खाते १९६५ साली, लिंडन जॉन्सन अध्यक्ष असताना निघाले. पहिली काही वर्षे तऱ्हा अशी होती की जुन्या वस्त्या पाडून नव्या बांधण्याला एक योजना, पाणी व मलनिःसारणाला दुसरी, मोकळ्या जागांना तिसरी. शहराने प्रत्येकीसाठी वेगळा अर्ज करायचा आणि वॉशिंग्टनमधल्या कारकुनाने त्यावर शेरा मारायचा. २२ ऑगस्ट १९७४ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी नव्या कायद्यावर सही केली. त्यांना अधिकारावर येऊन तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. या कायद्याने सुट्या योजना मोडून त्यांचे एकच अनुदान केले. त्याला 'कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट' म्हणतात. आपण त्याला समाजविकासाचे एकत्रित अनुदान म्हणू. साधारणपणे पन्नास हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना ते थेट मिळते. लोकसंख्या, दारिद्र्य, घरांतील दाटी, १९४० पूर्वी बांधलेल्या घरांचे प्रमाण अशा आकड्यांच्या सूत्रावरून रक्कम ठरते. अलीकडच्या वर्षांत देशभरासाठी ती साधारण ३३० कोटी डॉलर असते. ती कशावर खर्चायची हे शहराने ठरवायचे. मोकळीक दिली, आणि तिच्या बदल्यात हिशेब मागितला, असा हा व्यवहार आहे.

पुढे १९८७ साली बेघरांच्या निवाऱ्यासाठी वेगळे अनुदान आले. १९९० च्या कायद्याने परवडणाऱ्या घरांसाठी 'होम' नावाची योजना व एड्सग्रस्तांच्या घरांसाठी आणखी एक योजना आली. पुन्हा कागद वाढले. तेव्हा १९९५ साली चारही अनुदानांसाठी एक आराखडा व एक अहवाल असे ठरले. तीन ते पाच वर्षांचा मोठा आराखडा, त्यातून दरसाल एक कृतियोजना, आणि साल संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत अहवाल. त्याचे पूर्ण नाव 'कन्सॉलिडेटेड ॲन्युअल परफॉर्मन्स अँड इव्हॅल्युएशन रिपोर्ट' असे लांबलचक आहे. कचेरीत आद्याक्षरांवरून त्याला 'केपर' म्हणतात. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ बागडणे, उड्या मारणे असा होतो. नाव ठेवताना कुणाच्या ते ध्यानात आले नसावे.

आपल्याकडे जुन्या दप्तरांत रोजकीर्द असे, तिच्यावरून खतावणी होई आणि शेवटी ताळेबंद निघे. इथेही तसेच आहे. खात्याच्या संगणकात प्रत्येक कामाला क्रमांक असतो. एका म्हातारीच्या घराचे छप्पर दुरुस्त केले तरी ते कुठल्यातरी क्रमांकाखाली येते, आणि त्या क्रमांकावरच पैसे उचलता येतात. अहवालाचे पुष्कळसे तक्ते या संगणकी रोजकिर्दीतूनच भरले जातात. त्यांतील पहिला तक्ता सर्वांत उपयोगाचा. पाच वर्षांत किती घरे दुरुस्त करू असे म्हटले होते, या सालात किती म्हटले, प्रत्यक्ष झाली किती, आणि शेकडा प्रमाण काय पडले, हे त्यात शेजारी शेजारी असते. वीस घरांचे वचन आणि झाली सहा, तर ते झाकता येत नाही. खाली कारण लिहावे लागते. उलट कधी कधी शंभराच्या जागी पाचशे टक्केही दिसतात. तिथे वाचकाने हुरळून जाऊ नये. मुळात वचनच लहान दिले होते का, की कुटुंबांच्या रकान्यात माणसे मोजली, हे आधी पाहावे.

मोजण्याचा हा प्रश्न जरा थांबून समजून घेण्याजोगा आहे. कायद्याची अट अशी की एकत्रित अनुदानातील किमान ७० टक्के खर्च अल्प व मध्यम-अल्प उत्पन्नाच्या लोकांच्या हितासाठी झाला पाहिजे. त्या भागातील कुटुंबांचे मध्यम उत्पन्न जितके असेल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ज्यांची मिळकत, ते या वर्गात येतात. एखाद्याचे छप्पर दुरुस्त केले तर त्या घराच्या मिळकतीचे कागद पाहता येतात. रस्ता, पदपथ किंवा बाग केली तर? ती कोण वापरतो हे दारात बसून कोण लिहिणार? म्हणून नियम केला की ज्या वस्तीसाठी ते काम आहे तिथले किमान ५१ टक्के रहिवासी या वर्गातले असतील तर काम गरिबांच्या हिताचे मानावे. आता समजा, एका वस्तीत चार हजार माणसे आहेत आणि तिथे एक बाग झाली. अहवालात लाभ घेणारे चार हजार लागतात. त्यांतले एकोणपन्नास टक्के सुखवस्तू असू शकतील, बागेत पाऊल न टाकलेले तर किती असतील. सारे त्या चार हजारांत आले. दुसऱ्या ओळीत लाभ घेणारी कुटुंबे सहा, कारण सहा छपरे शाकारली. पुढाऱ्याच्या भाषणात चार हजारच येणार, हे सांगायला नको. पण ज्या घरात पावसाळ्यात पातेली मांडून ठेवावी लागत होती, त्या घरापुरते पाहिले तर त्या सहांचे मोल निराळे आहे. यात लबाडी काहीच नाही. दोन्ही आकडे नियमाप्रमाणे खरे आहेत. फक्त त्यांची बेरीज करू नये, आणि मोठा आकडा पाहून मोठे काम झाले असे समजू नये.

पैसा वेळेवर खर्च होतो का, यावरही नजर असते. साल संपण्याच्या साठ दिवस आधी, न उचललेली रक्कम वर्षाच्या अनुदानाच्या दीडपटीपेक्षा अधिक असता कामा नये. ज्यांचे साल १ जुलैला सुरू होते त्या शहरांसाठी हा दिवस २ मेच्या सुमारास येतो. मार्चअखेर आपल्या कचेऱ्यांत जी धावपळ उडते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एप्रिलमधील त्या शहरांची कल्पना सहज येईल. अशा वेळी सोपे काम पुढे सरते. एक लांबलचक पदपथ ठेकेदाराला दिला की रक्कम उठते. पन्नास निरनिराळ्या जुन्या घरांत शिरून शिशाचा रंग काढणे हे चिवट काम असते. नियम खर्चाला वेग देतो, पण कुठे वेग यावा हे त्याला कळत नाही.

इतके असूनही अहवाल खोटा निघाला तर? याची एक प्रसिद्ध हकीकत न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला असलेल्या वेस्टचेस्टर काउंटीची आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक. मोठ्या काउंटींना शहरांप्रमाणेच हे अनुदान मिळते. ते घेताना दरवर्षी सही करून सांगावे लागत असे की, वंश, वर्ण आदि कारणांनी घर मिळण्यात जे अडथळे येतात ते आम्ही तपासले आहेत व ते दूर करण्यासाठी पावले टाकली आहेत. २००० ते २००६ या काळात वेस्टचेस्टरने पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम घेतली. सही दरवर्षी झाली. परंतु वंशाच्या अंगाने तपासणी अशी झालीच नव्हती. गोऱ्या, श्रीमंत गावांत स्वस्त घरे येत नव्हती, आणि काउंटी अडथळ्यांचा विचार करी तो मिळकतीपुरता. २००६ साली भेदभावाविरुद्ध काम करणाऱ्या न्यूयॉर्कमधील एका संस्थेने दावा लावला. दाव्याचा आधार १८६३ चा कायदा होता. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवून सरकारला बुडविणाऱ्या कंत्राटदारांसाठी लिंकनच्या काळी तो झाला. सरकारच्या वतीने कोणाही नागरिकाला त्याखाली दावा लावता येतो. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी काउंटीची ती प्रमाणपत्रे खोटी ठरविली. त्याच वर्षी ऑगस्टात तडजोड झाली. ती सहा कोटी पंचवीस लाख डॉलरांची होती, आणि मुख्यतः गोऱ्या वस्तीच्या गावांत सातशे पन्नास परवडणारी घरे उभारण्याचे तीत ठरले. पुढेही कित्येक वर्षे वाद चालला. त्या सहीमागे नेमके काय करावे लागते याचे नियमही २०१५, २०२०, २०२१ आणि २०२५ साली, सरकार बदलेल तसे बदलत राहिले.

दुसरी हकीकत 'होम' योजनेची. मे २०११ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट' या वृत्तपत्राने छापले की देशभरात जवळजवळ सातशे घरबांधणीची कामे वर्षानुवर्षे रखडली आहेत व त्यांच्यासाठी चाळीस कोटी डॉलर मंजूर झालेले आहेत. वार्ताहरांनी सरकारी नोंदी घेतल्या, उपग्रहावरून काढलेली छायाचित्रे पाहिली. कागदावर घर आणि छायाचित्रात गवत. खात्याने हे मान्य केले नाही. त्याचे म्हणणे पडले की यादीतील पुष्कळ कामे पुरी झालेली असून संगणकातील नोंद तेवढी मागे राहिली. गंमत अशी की हे उत्तर खरे धरले तरी खात्याची अब्रू वाचत नाही, कारण नोंदच मागे राहत असेल तर तिच्यावरून निघालेला अहवाल कोणत्या भरवशाने वाचावा? २०१३ साली नियम कडक झाले. रक्कम बांधून दिल्यापासून चार वर्षांत काम पुरे झाले नाही, तर शहराने पैसे परत करावेत असे ठरले.

या दोन्ही हकीकतींत एक गोष्ट समान आहे. तपासनीस होते, लेखापरीक्षक होते, तक्ते होते. तरी खोट पकडली ती बाहेरच्यांनी, आणि तीही जे कागद सर्वांना मिळू शकतात ते वाचून.

शासकीय शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला 'उपयोगिता-प्रमाणपत्र' हा कागद नवा नाही. मंजूर रक्कम ज्या कामासाठी मिळाली त्याच कामी खर्च झाली, एवढे त्यात लिहायचे. एका शाळेत मुलींसाठी प्रसाधनगृह बांधले गेले. प्रमाणपत्र वेळेवर गेले, रक्कम बरोबर, पावत्या बरोबर. नळाला पाणी मात्र दोन वर्षांनी आले. कागदात पाण्याचा रकाना नव्हता, आणि मुलींना किंवा त्यांच्या आयांना विचारण्याचा तर नव्हताच. यावरून आपल्याकडे काहीच नाही असे कुणी म्हणू नये. राजस्थानात १९९४ पासून मजूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनावण्या भरवून सरकारी हजेरीपट गावकऱ्यांपुढे वाचून दाखविले. ज्याच्या नावावर मजुरी पडली तो उठून सांगे की मी त्या दिवशी कामावर नव्हतो. त्यातून माहितीच्या अधिकाराची मागणी बळावली, आणि २००५ च्या रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करण्याचे कलम आले. अमेरिकेतील पंधरा दिवस आणि आपली ग्रामसभा ही एकाच जातीची साधने आहेत. उपयोग केला तर चालतात.

त्या पंधरा दिवसांत तिथे काय घडते, तेही सांगतो. शहर वृत्तपत्रात सूचना देते, मसुदा वाचनालयात व नगरभवनात ठेवते. सूचना बहुधा मागल्या पानावर, बारीक अक्षरात असते. वर्षातून निदान दोन जाहीर सुनावण्या घ्याव्या लागतात, आणि इंग्रजी न येणारे रहिवासी बऱ्याच संख्येने येण्याचा संभव असेल तर त्यांची काय सोय करणार हेही शहराने आधीच लिहून ठेवायचे असते. आपण जे पिढ्यान्‌पिढ्या परभाषी प्रांतांत राहिलो आहोत, त्यांना हे कलम वाचून बरे वाटेल. आपल्याही राज्यघटनेत ३५० ख या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्यकांसाठी अधिकारी नेमला आहे, आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. ते अहवाल बेळगावात, इंदुरात किंवा हैदराबादेत किती मराठी मंडळांनी मागवून वाचले असतील?

लोकांनी जे म्हटले त्याचा सारांश शहराला अहवालाला जोडावा लागतो. बाकीची पाने शहराने स्वतःविषयी लिहिलेली असतात. हे एक पान दुसऱ्यांचे. एखादी विधवा लिहिते की माझा अर्ज चौदा महिने पडून आहे. एखादी संस्था लिहिते की निवाऱ्याची संख्या दाखवली, पण थंडीत परत पाठवलेले किती ते दाखवले नाही. असे वाक्य एकदा त्या पानावर चढले की ते वॉशिंग्टनला जाते आणि दप्तरी राहते. उद्या कुणी दावा लावला, कुणी वार्ताहर आला, तर त्याच्या हाती पहिले तेच पडते. पण बहुतेक वेळा त्या पानावर एकच ओळ असते, की मुदतीत कोणाचेही म्हणणे आले नाही. ज्या शहरांचे साल ३० जूनला संपते त्यांचा अहवाल २८ सप्टेंबरपर्यंत जायला हवा असतो, म्हणून त्यांची मुदत बहुधा सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पडते. आपल्याकडे तेव्हा गणपतीचे दिवस असतात. मुलांचे फोन येतात. त्या वेळी विचारून पाहायला हरकत नाही.